पायलट व्हायला किती तास लागतात?

बारावीला कॉमर्स घेतलेल्या मुलीला पायलट होता येतं का? गेली तीसेक वर्षं आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं : नाही. फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन बारावी झालात तरच दार उघडणार. त्याआधी, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत, दहावी पास असणंही पुरत होतं. आता काटा पुन्हा उलटा फिरू लागलाय. २०२५ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, ही फिजिक्स-मॅथ्सची अट काढून टाकण्याची शिफारस केली. बातमी आल्याबरोबर क्लासवाल्यांच्या जाहिराती सुरू झाल्या आणि पालकांचे फोनही.

पण अटी बदलतायत त्या इतक्याच नाहीत. रेडिओचं लायसन्स कोण देणार, हे बदललं. पायलटने आठवड्यात किती झोपायचं, याचे नियम बदलले आणि त्यावरून डिसेंबर २०२५ मध्ये देशभरातल्या विमानतळांवर काय गोंधळ उडाला तो सगळ्यांनी पाहिला. निवृत्तीचं वय वाढवावं का, यावर जगभर वाद चालू आहे. कॉकपिटमध्ये दोन माणसं कायम हवीतच का, हा प्रश्नही कंपन्यांनी विचारून झालाय. वरवर हे वेगवेगळे विषय दिसतात. मुळाशी मात्र एक जुनं भांडण आहे. पायलट तयार झाला हे ओळखायचं कशावरून? उडवलेल्या तासांवरून, की आणखी कशावरून?

आधी आजचा रस्ता कसा आहे ते पाहू.

वय किमान १८. सुरुवात मेडिकलपासून. डीजीसीएमान्य डॉक्टरकडे आधी क्लास टू, मग क्लास वन. चष्मा चालतो, नजर दुरुस्त होत असली की झालं. रंग ओळखता येत नसतील तर अडचण. मग मार्कशीटची पडताळणी होऊन ‘कॉम्प्युटर नंबर’ मिळतो आणि पेपर द्यायला सुरुवात होते : एअर नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन, टेक्निकल. प्रत्येकात ७० टक्के हवेत. ६९ म्हणजे नापास. याशिवाय रेडिओवर बोलण्याचं प्रमाणपत्र. ही आरटीआरची परीक्षा वर्षानुवर्षं दूरसंचार खातं घ्यायचं. उडवायचं लायसन्स एका खात्याचं, बोलायचं दुसऱ्या खात्याचं, आणि मुलं दोन्हीकडे खेटे घालणार, असा प्रकार. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या एअरक्राफ्ट अ‍ॅक्टच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आणि त्याने हे कामही डीजीसीएकडे दिलं. लहानसा बदल, पण या मार्गाने जाणाऱ्यांना त्याची किंमत विचारा.

आणि मग उड्डाण. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, म्हणजे सीपीएलसाठी, एकूण २०० तास. त्यातले १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून. त्यात २० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळाहून दुसरीकडे जाण्याचे, आणि एक प्रवास तरी ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटरचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. ५ तास रात्रीचे, त्यात १० वेळा उडणं आणि १० वेळा उतरणं. १० तास बाहेर न बघता, केवळ उपकरणांकडे पाहून. त्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर चालतात.

हे २०० तास कॅलेंडरवर किती दिवसांचे, हा खरा प्रश्न. महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया, जळगाव इथे प्रशिक्षण चालतं. सकाळी सहाला पोरं युनिफॉर्म घालून तयार. पण पाच किलोमीटरपर्यंत दिसत नसेल तर शिकाऊ विमान उडत नाही. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे तसेच जातात. ऊन पडलं तर विमान मेंटेनन्समध्ये; विमान आलं तर इन्स्ट्रक्टर दुसऱ्या बॅचबरोबर. दीड वर्षाचा म्हणून घेतलेला कोर्स अडीच वर्षांवर जातो तो असा. या वेळापत्रकाबद्दल फ्लाइंग स्कूलच्या माहितीपत्रकात एक ओळही नसते.

फिजिक्स लागतं का?

लागतं. पण किती, ते एका उदाहरणाने पाहा.

समजा, बारामतीहून सेसना हे छोटं शिकाऊ विमान घेऊन तुम्ही सोलापूरकडे निघालात. सरळ रेषेत अंतर साधारण ८० नॉटिकल मैल. ३० मैल गेल्यावर खाली पाहता तर उजनीचं पाणी डाव्या हाताला नकाशापेक्षा जवळ दिसतंय. म्हणजे वाऱ्याने तुम्हाला डावीकडे ढकललंय, समजा २ मैल. आता किती वळायचं? पायलट इथे ‘एकास साठ’चा हिशेब करतात : ६० मैलांत १ मैल चुकलं तर चूक १ अंशाची. ३० मैलांत २ म्हणजे ६० मैलांत ४, म्हणजे ४ अंशांची चूक. उजवीकडे ४ अंश वळलात तर यापुढे मूळ मार्गाला समांतर उडाल, पण सोलापूरला पोचणार नाही. उरलेल्या ५० मैलांत ते २ मैलही भरून काढायचेत. त्यासाठी २ भागिले ५० गुणिले ६०, म्हणजे २.४ अंश आणखी. एकूण साडेसहा अंशांच्या आसपास उजवीकडे. हे सगळं एका हाताने विमान सांभाळत, दुसऱ्या हाताने मांडीवरच्या कागदावर, कानात रेडिओ चालू असताना करायचं.

यात दहावीपलीकडचं गणित कुठे आहे? त्रैराशिक आहे. अवघड आहे ती घाई.

दुसरं उदाहरण गोंदियाचं. मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखाला कमी उचल मिळते, इंजिनाला कमी ताकद आणि पंख्याला कमी पकड. त्यामुळे जानेवारीत जे विमान धावपट्टीच्या अर्ध्यात उचललं जातं ते मे महिन्यात बरंच पुढे जाऊन उचललं जातं, आणि वर चढतंही रेंगाळत. हे समजायला डेरिव्हेटिव्ह काढता यायची गरज नाही. तक्ता वाचता आला पाहिजे आणि तक्त्यात जे दिसलं त्यावर विश्वास ठेवून ‘आज दोघंच जाऊ, पेट्रोल कमी भरू’ म्हणता आलं पाहिजे.

म्हणून अट काढण्याला माझा विरोध नाही. आजही कॉमर्स-आर्ट्सची मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून फिजिक्स आणि मॅथ्स हे दोन विषय वेगळे देऊन आत येतातच. त्यांचं एक वर्ष जातं, गाइड पाठ होतं, पायलट म्हणून फार काही मिळत नाही. चाळणी लावायचीच असेल तर ती डीजीसीएच्या पेपरांत लावा, जिथे ढगांबद्दल आणि पंखांबद्दल विचारतात. फक्त एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी : दार रुंद झालं म्हणून आतल्या खुर्च्या वाढत नाहीत.

एक अपघात आणि १५०० तास

आता तासांकडे येऊ. जगात पायलटच्या पात्रतेवर सर्वांत मोठा परिणाम करणारा अलीकडचा नियम अमेरिकेतला. तो ज्या अपघातातून आला तो समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून निघालेलं कोल्गन एअरचं ३४०७ क्रमांकाचं विमान बफेलोजवळ उतरण्याच्या तयारीत होतं. दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं बंबार्डियर क्यू-४००. उतरण्याआधी वेग कमी होत होता आणि दोघांपैकी कोणाचंही त्याकडे लक्ष राहिलं नाही. वेग फारच घटल्यावर कॅप्टनच्या हातातली कंट्रोलची दांडी थरथरायला लागली. ती मुद्दाम तशी बनवलेली असते : पंखाला मिळणारी उचल आता तुटणार, हा इशारा. अशा वेळी नाक खाली घालायचं आणि ताकद वाढवायची, हे शिकाऊ पायलटला पहिल्या महिन्यात शिकवतात. जमीन जवळ असताना नाक खाली घालायला मन धजत नाही, म्हणूनच ते पुन्हा पुन्हा शिकवतात. कॅप्टनने दांडी मागे ओढली. नाक वर गेलं, विमान स्टॉल झालं आणि एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले.

चौकशीत जे बाहेर आलं ते नीट वाचण्यासारखं आहे. कॅप्टन आधीच्या काही चाचण्यांत नापास झालेला होता आणि कंपनीकडे तो सगळा इतिहास नव्हता. को-पायलट आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानात बसून, अख्खा देश ओलांडून कामावर आली होती. कॅप्टनने रात्र विमानतळावरच्या क्रू-रूममध्ये काढली होती. म्हणजे प्रशिक्षणातली खोट, नोंदींतली खोट आणि थकवा.

मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये ठाण मांडलं. २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून नियम आला : प्रवासी विमान कंपनीत को-पायलट व्हायलासुद्धा १५०० तास हवेत. लष्करातून आलेल्यांना ७५०, विमानशास्त्राची पदवी घेतलेल्यांना १०००, अशा सवलती ठेवल्या. आधी २५० तासांवर को-पायलट होता येत होतं.

पण कोल्गनच्या कॅप्टनकडे ३,३७९ तास होते. को-पायलटकडे दोन हजारांहून जास्त. म्हणजे १५०० चा नियम त्या रात्री लागू असता तरी तीच दोन माणसं त्याच दोन खुर्च्यांत बसली असती! त्याच कायद्यातून विश्रांतीचे नवे नियम आले, स्टॉलच्या सरावावर भर आला, पायलटच्या जुन्या नोंदी कंपन्यांना दिसतील अशी सोय झाली. माझ्या मते खरा फरक यांनी पडला. पण लोकांच्या लक्षात राहिला तो १५०० चा आकडा. आकडा मोजता येतो, भाषणात सांगता येतो आणि न्यायालयात दाखवता येतो.

नियमाचा एक फायदा मात्र कबूल केला पाहिजे. १५०० तास भरायला वेळ लागतो, म्हणून पायलटांचा तुटवडा झाला, आणि तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या तिथल्या छोट्या कंपन्यांच्या को-पायलटांचे पगार पुढे चांगलेच वाढले. हे होणं नियमाच्या हेतूत लिहिलेलं नव्हतं.

मंगळूरची पहाट

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं ८१२ क्रमांकाचं विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या धावपट्टीवर उतरलं. ही धावपट्टी टेकडी कापून केलेली, आठ हजार फुटांची, कडेला दरी. विमान उंचावर आणि वेगात आलं, बावन्नशे फुटांच्या आसपास पट्टी मागे टाकून टेकलं आणि पुढे दरीत गेलं. १६६ पैकी ८ जण वाचले.

चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते एअर मार्शल भूषण गोखले, हवाई दलाचे माजी उपप्रमुख. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनचं बोलणं बराच वेळ नव्हतंच. घोरण्याचा आवाज होता. तो उतरण्याआधी जागा झाला, पण गाढ झोपेतून उठल्यावर डोकं काही काळ जडच असतं. को-पायलटने पुन्हा वर चढायला सांगितलं, एकदा नाही, तीनदा. कॅप्टनने ऐकलं नाही.

त्या कॅप्टनच्या लॉगबुकात दहा हजारांहून जास्त तास होते.

तासांचं आणखी एक दुखणं आपल्याकडे २०११ मध्ये उघडं पडलं. गोव्याला दाबोळीवर एक प्रवासी विमान चुकीच्या पद्धतीने, पुढचं चाक आधी टेकवत उतरलं. चौकशी करत गेल्यावर कॅप्टनच्या लायसन्सची मार्कशीटच बनावट निघाली. मग देशभर झडती सुरू झाली, तेव्हा राजस्थानात न उडता तास लिहून घेतल्याची प्रकरणंही सापडली. आता डीजीसीएने नोंदी ऑनलाइन नेल्या आहेत आणि २०२५ मध्ये लायसन्सही मोबाइलवर आलं. खोटं लिहिणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. पण जिथे आकड्यालाच किंमत असते तिथे आकडा विकणारा कोणीतरी उभा राहतोच.

मग तासांऐवजी काय?

युरोपने वेगळी वाट धरली. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, एमपीएल नावाचं लायसन्स मान्य केलं. यात किमान २४० तासांचं प्रशिक्षण असतं, पण त्यातला मोठा भाग मोठ्या विमानाच्या सिम्युलेटरवर, पहिल्यापासून दोघांनी मिळून कॉकपिट कसं चालवायचं याचा. छोट्या विमानात एकट्याने दीड हजार तास घिरट्या घालण्यापेक्षा, ज्या विमानावर नोकरी करायची त्याच्या बिघाडांचा सराव जास्त उपयोगी, हा त्यामागचा विचार.

त्याला जोड मिळाली २००९ मधल्याच दुसऱ्या अपघाताची. १ जूनला एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिकवर कोसळलं, २२८ जण गेले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट बंद झाला आणि सुस्थितीतलं विमान हाताने सांभाळता आलं नाही. पुन्हा तेच : दांडी मागे, विमान स्टॉल. त्यानंतर विमान कलंडलं तर सावरायचं कसं, याचा सराव जगभर अभ्यासक्रमात आला. युरोपात डिसेंबर २०१९ पासून तो प्रत्यक्ष विमानात उडवून करणं नव्या पायलटांना सक्तीचं झालं.

भारत यात कुठे? आपण २०० तासांवर सीपीएल देतो, मग पायलट एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका जातीचं विमान उडवण्याचं वेगळं प्रशिक्षण, करतो, कंपनीत प्रशिक्षक कॅप्टनबरोबर उडतो आणि को-पायलट होतो. कॅप्टन होण्यासाठी लागणारं एटीपीएल लायसन्स मात्र आपल्याकडेही १५०० तासांवर. ‘अमेरिकेत दीड हजार आणि आपल्याकडे फक्त दोनशे?’ असं विचारणाऱ्यांनी हे पाहावं की अमेरिकेत शिकवणीचे, शेतीफवारणीचे, छोट्या चार्टरचे तास मिळतात. आपल्याकडे ते जगच जेमतेम आहे. उद्या इथे १५०० ची अट आणली तर पैसेवाल्यांची मुलं परदेशात जाऊन तास विकत घेतील आणि बाकीचे बसून राहतील. त्यापेक्षा २०० तास कसे उडवले ते पाहावं. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीएने फ्लाइंग स्कूल्सना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, कामगिरी, सुरक्षा, विद्यार्थ्यांना मिळणारी वागणूक वगैरे पाहून. उशीर झाला, पण दिशा बरोबर आहे.

झोपेचा हिशेब

मंगळूरनंतर थकव्यावर पुष्कळ लिहिलं गेलं, पण कामाच्या वेळांचे कडक नियम यायला जानेवारी २०२४ उजाडलं. आणि तेही कंपन्यांच्या विरोधामुळे रखडले. दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर दोन टप्प्यांत लागू झाले, १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ ला.

बदल कागदावर छोटे दिसतात. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांऐवजी ४८ तास. ‘रात्र’ पूर्वी पहाटे पाचला संपायची, आता सहाला. रात्रीच्या ड्यूटीत उतरण्याची मर्यादा सहावरून दोनवर. पहाटेचा तो एक तास मोजणीत का घेतला? शरीर सर्वांत सुस्त असतं ते पहाटेच. मंगळूरचं विमान टेकलं तेव्हा सहा वाजून काही मिनिटंच झाली होती.

पण रात्री सहाऐवजी दोनच वेळा उतरायचं म्हटलं की त्याच वेळापत्रकाला जास्त पायलट लागतात. ते आधी भरती करावे लागतात, आणि भरती करून लगेच उपयोग नाही. प्रशिक्षणाला महिने जातात. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची गणितं कोलमडली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली, मुंबई-पुण्याच्या टर्मिनलमध्ये बॅगांचे ढीग साचले, आणि डीजीसीएने या कंपनीला रात्रीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. नियम दोन वर्षं आधी माहीत होता. सूट मिळायला नको होती असं माझं मत, पण त्या आठवड्यात विमानतळावर लेकरं घेऊन अडकलेल्या माणसाला हे मत ऐकवणं अवघड होतं.

पायलट व्हायला निघालेल्यांसाठी यातली बातमी चांगली आहे. विश्रांती वाढली की त्याच विमानांना जास्त माणसं लागतात.

तुटवडा आणि बेकारी, एकाच वेळी

मागणी किती, याचे आकडे मोठे आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली, जूनमध्ये इंडिगोने ५०० ची. पुढच्या दीड-दोन दशकांत तीस हजार पायलट लागतील, असं सरकारकडूनच सांगितलं जातं. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाने वर्षाला १८० पायलट तयार करणारी शाळा जाहीर केली. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिले, तोवरचा विक्रम.

तरीही लायसन्स खिशात घालून वर्ष-दोन वर्षं घरी बसलेली मुलं आहेत, हेही तितकंच खरं. कारण तुटवडा आहे तो कॅप्टनांचा आणि प्रशिक्षकांचा. दोनशे तासांचे पायलट पुष्कळ आहेत. कॅप्टन तयार व्हायला वर्षं लागतात. म्हणून तर २०१७ पासून कॅप्टनला नोकरी सोडायची तर वर्षभराची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. असा नियम दुसऱ्या कुठल्या खासगी नोकरीत आहे?

आणि कंपन्या बुडतात. २०१२ मध्ये किंगफिशर, एप्रिल २०१९ मध्ये जेट, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. तिन्ही वेळा शेकडो अनुभवी पायलट एकदम बाजारात आले आणि नव्यांची रांग तेवढी मागे सरकली.

आता पैसे. प्रशिक्षणाचे पन्नास-साठ लाख, त्यावर टाइप रेटिंगचे आणखी पंधरा-वीस. कंपनीच्या कॅडेट प्रोग्रॅममधून गेलात तर सगळं मिळून कोटीच्या घरात. समजा ८० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढलं. हप्ता येतो महिन्याला सुमारे १ लाख १० हजार. को-पायलटच्या पगारातून तो फिटतो. पण पगार सुरू व्हायला लायसन्सनंतर दीड वर्ष लागलं तर? तारण म्हणून ठेवलेला फ्लॅट किंवा शेत कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न घरात आधीच बोलून घ्यावा. पाच कोटींची इस्टेट असणाऱ्याचा हा प्रश्न नाही, मला ठाऊक आहे. पण मला फोन करणारे बहुतेक ते नसतात.

या क्षेत्रात मुलींसाठी परिस्थिती मात्र जगापेक्षा इथे बरी आहे. भारतात पायलटांमध्ये महिला साधारण १५ टक्के आहेत, जागतिक सरासरीच्या जवळपास तिप्पट. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकाता ते सिल्चर असं फोकर विमान नेलं, तेव्हा कॉकपिटमध्ये दोन्ही महिला असणं ही बातमी होती. आज कोणी मान वळवूनही बघत नाही.

यंत्र आणि वय

‘पुढे सगळं ऑटोमॅटिक होणार, मग पायलट कशाला?’ हा प्रश्न काकालोक हमखास विचारतात. प्रश्न तसा वेडगळ नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लांब पल्ल्याच्या विमानांत कॉकपिटमध्ये पाच माणसं असत. रेडिओ ऑपरेटर गेला, नॅव्हिगेटर गेला, आणि एअर इंडियाच्या जुन्या ७४७ वर दोन पायलटांमागे बसणारा फ्लाइट इंजिनिअर नव्या ७४७-४०० मध्ये राहिला नाही. पाचाचे दोन झाले. दोनाचा एक करण्याचा विचार एअरबससारख्या कंपन्यांनी मांडला : लांबच्या उड्डाणात मधल्या काळात एकच पायलट जागा, दुसरा झोपलेला. युरोपच्या सुरक्षा यंत्रणेने यावर अभ्यास करवून घेतला आणि २०२५ मध्ये निष्कर्ष आला की आजच्या कॉकपिटमध्ये हे दोन पायलटांइतकंच सुरक्षित आहे असं दाखवता येत नाही. एकटा माणूस पेंगला, आजारी पडला, गोंधळला तर त्याला अडवायला कोणी नसतं. मंगळूरला अडवणारा होता, तरी पुरलं नाही.

वयाचं उलटं. इकाओने २००६ मध्ये कमाल मर्यादा ६० वरून ६५ केली. अमेरिकेत ६७ करण्याचा प्रयत्न २०२४ च्या कायद्यात टिकला नाही. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ती मागणी पुढे रेटते आहे. वय वाढलं तर वरच्या खुर्च्या दोन वर्षं उशिरा रिकाम्या होतील. आज अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला याने फारसा फरक पडू नये. त्याच्यापुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं आहेत आणि तेवढ्या काळात आणखी तीनदा नियम बदलतील.

शाळा बघायला जाल तेव्हा एसी क्लासरूम आणि भिंतीवरचे फोटो सोडून हँगरमध्ये जा. विमानं किती आहेत हे न विचारता आज उडण्याजोगी किती आहेत ते विचारा. गेल्या तुकडीला २०० तास पुरे व्हायला किती महिने लागले, ते मागे राहिलेल्या मुलांना गाठून विचारा, काउन्सेलरला नको. फी टप्प्याटप्प्याने घेतात की एकरकमी, आणि मध्येच शाळा बंद पडली तर उरलेले पैसे परत मिळण्याचं कलम करारात आहे का, ते वकिलाला दाखवा. आणि हे सगळं करण्याआधी मुलाचं क्लास वन मेडिकल करून घ्या. काही हजारांत होतं. ते फिट आल्यावर मग चेकबुक काढा.